रुद्राजीचे दोन क्लास : फोंड्यातील एका टेबलावरचे मल्टिक्लास प्रकरण

गोव्यात फोंड्याला आमच्या घराच्या सोप्यावर एक आड एक रविवारी दुपारी तीन वाजता 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची, म्हणजे पात्रे रंगवत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाची, बैठक बसते. आम्ही २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. डन्जन मास्टरची, म्हणजे जग उभे करण्याची आणि प्रसंगी निवाडा देण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. खेळाडू चौघे आहेत. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळवतो आणि माझी वहिनी बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला मित्र 'रोग' हा क्लास (क्लास म्हणजे पात्राचा पेशा) खेळवतो. देवनागरीत हा शब्द आजारासारखा वाचला जातो म्हणून टेबलावर आम्ही त्याला चोरटा म्हणतो आणि येथेही तेच लिहितो. चौथे आमचे शेजारी. ते वयाने आम्हा सर्वांपेक्षा मोठे असल्यामुळे सगळे त्यांना भाई म्हणतात, आणि गावच्या जत्रेतील मराठी नाटकांतून त्यांनी आयुष्यभर कामे केली आहेत. हे प्रकरण त्यांच्या पात्राचे, म्हणजे रुद्राजी या मानवी फायटरचे आहे.

रुद्राजीच्या सहा गुणांचा प्रारंभिक तक्ता अगदी साधा होता. स्ट्रेंग्थ (बळ) १६, कॉन्स्टिट्यूशन (तग) १५, विज्डम (शहाणपण) १४, डेक्स्टेरिटी (चपळाई) १३, करिझ्मा (प्रभाव) ११ आणि इंटेलिजन्स (बुद्धी) ९. हातात लांब तलवार व ढाल, अंगावर साखळ्यांचे चिलखत, लढण्याची शैली ड्युएलिंग आणि तिसऱ्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे प्रगतीची पायरी) चॅम्पियन हा उपवर्ग. विज्डम १४ ठेवण्यामागे काही हिशेब नव्हता. पहाऱ्यावरच्या शिपायाचे कान तिखट असावेत, एवढेच भाईंचे म्हणणे होते. पुढे सगळे प्रकरण याच १४ या आकड्यावर उभे राहिले.

मल्टिक्लासला दिलेली परवानगी

तिसऱ्या लेव्हलच्या शेवटी कथेत एक मोठा प्रसंग घडला. घाटातून उतरणाऱ्या तांड्याच्या रक्षणासाठी निघालेली रुद्राजीची तुकडी एका रात्रीत कापली गेली आणि तो एकटा वाचला. पहाटे तो रानातल्या एका पडक्या देवळात पोहोचला. हे देऊळ मी वर्णन केले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेवाचे मंदिर होते : काळा दगड, भोवती दाट झाडी, जवळून वाहणारे पाणी. भाईंनी तेथे कोणतीही पूर्वतयारी नसताना सुमारे दहा मिनिटे रुद्राजीच्या तोंडून जे स्वगत केले, ते ऐकताना सोप्यावर कोणी फाशालाही हात लावला नाही. 'मेलेल्यांची नावे घेत मी या देवीचा दिवा विझू देणार नाही,' असा त्या स्वगताचा शेवट होता. पुढच्या बैठकीला भाई म्हणाले, 'आता हा नुसता शिपाई राहिलेला नाही. त्याला क्लेरिकची लेव्हल द्या.' क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर मंत्र म्हणणारा पुजारी.

पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लास, म्हणजे एकाच पात्राने एकाहून अधिक क्लासांच्या लेव्हला घेणे, हा ऐच्छिक नियम आहे. तो वापरायचा की नाही, हे डन्जन मास्टर ठरवतो. अट एवढीच की जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासांसाठी ठरलेला गुण किमान १३ हवा. फायटरसाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, क्लेरिकसाठी विज्डम. रुद्राजी दोन्ही अटींत बसत होता. शिवाय गटात जखमा भरून काढणारे कोणीच नव्हते, त्यामुळे बाकीच्या तिघांनाही ही कल्पना मनापासून आवडली. मी तत्काळ होकार दिला.

त्यानुसार एकूण चौथ्या लेव्हलला, म्हणजे २,७०० अनुभवगुणांवर, रुद्राजीने फायटरची चौथी लेव्हल घेण्याऐवजी क्लेरिकची पहिली घेतली आणि लाइफ डोमेन हा त्याचा उपवर्ग निवडला. एकूण पाचव्या लेव्हलला, ६,५०० अनुभवगुणांवर, त्याने क्लेरिकची दुसरी घेतली; एकाच लेव्हलवर थांबणे म्हणजे नवस अर्धाच फेडणे, असे भाईंना वाटले. आता त्याच्या शीटवर फायटर ३, क्लेरिक २ असे लिहिले गेले.

या दोन्ही वेळी नियमांच्या बाजूने मी भाईंना काय सांगितले, हे मी नंतर आठवून पाहिले. पात्रतेची अट सांगितली, मंत्रांची यादी दाखवली, पहिल्या लेव्हलच्या मंत्रांसाठी तीन स्लॉट, म्हणजे दिवसाला तीन मंत्र म्हणण्याची मुभा, मिळतील हे सांगितले. काय मिळते तेवढेच सांगितले. त्या दोन लेव्हलांना फायटर म्हणून काय मिळणार होते आणि ते आता कधी मिळेल, याचा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. त्यांना नियमांच्या पुस्तकापेक्षा पात्राचा स्वभाव अधिक कळतो हे मला माहीत होते, म्हणून ती बाजू सांभाळणे माझेच काम होते.

पाचव्या लेव्हलचा उंबरठा

या खेळात सगळ्या लेव्हला सारख्या वजनाच्या नाहीत. पाचवी लेव्हल हा उंबरठा आहे. फायटर, बार्बेरियन, पॅलडिन, रेंजर आणि मंक या क्लासांना तेथे एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे एका पाळीत दोन वार. विझार्डला तिसऱ्या लेव्हलचे मंत्र (मंत्रांच्या लेव्हला वेगळ्या मोजतात) मिळतात आणि त्यांत फायरबॉल असतो, जो वीस फुटांच्या त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकावर सहा-पैलू आठ फाशांचे, सरासरी २८ नुकसान करतो. चोरट्याच्या स्नीक अटॅकचे, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराच्या जादा नुकसानाचे, दोन फासे तीन होतात. त्याच्या अलीकडे, चौथ्या लेव्हलला, प्रत्येक क्लासला एखादा गुण वाढवण्याची किंवा त्याऐवजी फीट, म्हणजे एखादे खास कौशल्य, घेण्याची संधी मिळते. या सर्व गोष्टी त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर मिळतात. पात्राच्या एकूण लेव्हलवर अवलंबून असतो तो प्रामुख्याने प्रॉफिशिएन्सी बोनस, म्हणजे सरावाच्या कामांत फाशात मिळवायची भर, जो पाचव्या लेव्हलला सर्वांचा सारखाच तीन होतो, आणि कॅन्ट्रिप नावाच्या लहान मंत्रांची ताकद.

म्हणजे ६,५०० अनुभवगुणांवर माझ्या टेबलावरील तिघांनी उंबरठा ओलांडला आणि रुद्राजी दोन लेव्हला मागे, उंबरठ्याच्या बाहेर उभा राहिला. त्याच्याजवळ तोपर्यंत ना गुणवाढ होती, ना दुसरा वार.

ते पहिल्यांदा उघड झाले ट्रोल नावाच्या एका राक्षसासमोर. नदीवरच्या लाकडी साकवाच्या एका टोकाला तिघे गॉब्लिनांच्या टोळीत अडकले होते आणि दुसऱ्या टोकाला रुद्राजी एकट्याने ट्रोलला अडवत होता. भाईंची नाट्यदृष्टी पाहता ही जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. ट्रोलचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावी लागणारी बेरीज) १५, हिट पॉइंट (पडण्यापूर्वी सोसता येणारे नुकसान) ८४, आणि आग किंवा आम्ल लागले नसेल तर आपल्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो १० हिट पॉइंट भरून काढतो. पहिल्या फेरीत रुद्राजीने शील्ड ऑफ फेथ हा मंत्र म्हणून आपला आर्मर क्लास २० केला आणि तलवारीने ९ नुकसान केले. ट्रोलने ते पुढच्या श्वासात भरून काढले. दुसऱ्या फेरीत वार चुकला. तिसऱ्या फेरीत १० नुकसान झाले. तेही भरून आले. ॲक्शन सर्ज, म्हणजे फायटरला एका पाळीत मिळणारी जादा कृती, आधीच्या चकमकीत वापरून झाला होता. तीन फेऱ्यांनंतर माझ्या वहीत ट्रोलसमोर लिहिलेला आकडा होता ८४.

चौथ्या फेरीत भाच्याच्या विझार्डला वाट मिळाली आणि आगीने ट्रोलची भरपाई थांबली. वहिनीच्या बार्बेरियनने धावत येऊन एका पाळीत दोन वार केले, चोरट्याने एकच वार केला पण त्यात स्नीक अटॅक होता, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत ट्रोल पडला. सर्वांनी भाईंचे कौतुक केले, कारण ते तीन फेऱ्या उभे राहिले नसते तर विझार्डपर्यंत ट्रोल पोहोचला असता. भाई मात्र गप्प होते. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला, आम्ही वह्या मिटल्या, आणि ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'तुम्ही लोक दोनदा मारता. माझी पाळी येते तशी संपते. मी काही चुकीचे लिहिले आहे का शीटवर?'

शीटवर काहीच चुकीचे नव्हते. त्या प्रश्नाने मी फार अस्वस्थ झालो, कारण उत्तर माझ्याकडे मी त्यांना होकार दिला त्या दिवशीच असायला हवे होते.

आकडे

त्या रात्री मी बसून हिशेब केला. आर्मर क्लास १५ असलेल्या ट्रोलसमोर, क्रिटिकल वार (दुप्पट फाशांचे भाग्याचे वार) बाजूला ठेवून, जसा आहे तशा रुद्राजीचा वार वीस-पैलू फाशावर ९ किंवा त्याहून अधिक आला (त्याचे ६ मिळून १५) की लागतो, म्हणजे ६० टक्के. लागला तर सरासरी ९.५ नुकसान. दर पाळीला सरासरी ५.७. ट्रोलच्या १० च्या भरपाईसमोर हा आकडा ठेवला की साकवावर काय घडले ते कळते : फासे कितीही नशिबाने पडले असते तरी बरोबरीपेक्षा फार पुढे जाण्याची शक्यता नव्हती. सेक्रेड फ्लेम हा कॅन्ट्रिप त्याने वापरला असता तर एकूण लेव्हल पाच असल्याने आठ-पैलू दोन फासे मिळाले असते, परंतु त्याच्या मंत्रांचा सेव्ह, म्हणजे मंत्र चुकवायला शत्रूला लागणारा आकडा, फक्त १३ असल्यामुळे ट्रोलविरुद्ध सरासरी ५ च्या आसपासच.

आता तोच रुद्राजी सरळ फायटर ५ असता आणि चौथ्या लेव्हलला त्याने स्ट्रेंग्थ १८ केली असती, तर वार लागण्याची शक्यता ६५ टक्के, प्रत्येक वाराचे नुकसान १०.५ आणि वार दोन. दर पाळीला १३.६५. दुपटीपेक्षा जास्त. हिट पॉइंटमध्ये मात्र जवळजवळ फरक नव्हता, ४२ विरुद्ध ४४. म्हणून तो तितकाच वेळ उभा राहत होता आणि उभे राहून तितके काही करू शकत नव्हता. भाईंच्या तक्रारीचा नेमका गाभा हाच होता.

हा हिशेब करताना मला या नियमाचा इतिहासही नव्याने दिसला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला. १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकात मानवेतर पात्रांना एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवता येत, पण अनुभवगुणांची वाटणी होई. मानवाला एक क्लास सोडून दुसरा धरता येई, पण मग पहिल्यात परत पुढे जाता येत नसे आणि त्यासाठी गुणांच्या अटी आजच्यापेक्षा कितीतरी कडक होत्या. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दर लेव्हलला हवा तो क्लास घेण्याची मोकळीक दिली आणि क्लासांचा तोल बिघडला तर अनुभवगुणांत २० टक्के कपात ठेवली. या सर्व पद्धतींत किंमत दारातच दिसत होती. पाचव्या आवृत्तीत कपात नाही, वाटणी नाही. १३ ची सोपी अट ओलांडली की आत. किंमत आहेच, पण ती उंबरठ्याच्या उशिरात दडलेली आहे, आणि पुस्तकात ती कोणत्याही एका ओळीत लिहिलेली नाही. ज्याने लेव्हलांचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले त्यालाच ती दिसते. म्हणून ती दाखवण्याचे काम परवानगी देणाऱ्याकडे येते, असे माझे ठाम मत झाले आहे.

विचारात घेतलेले मार्ग

पुढच्या बैठकीपूर्वी मी भाईंच्या घरी गेलो आणि सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि नंतर जे म्हणाले ते मला अजून शब्दशः आठवते. 'नाटकात एका नटाला दोन भूमिका दिल्या, तर मधे वेष बदलायला दुसऱ्यांचा एक प्रवेश लागतो. तो प्रवेश ठेवलाच नाही, तर नट अर्ध्या वेषात रंगमंचावर येतो. माझा रुद्राजी अर्ध्या वेषात आला.'

माझ्यापुढे पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग होता तो त्याला एक्स्ट्रा अटॅक देऊन टाकण्याचा. मी तो नाकारला. वहिनीच्या बार्बेरियनने पाच लेव्हला एकाच वाटेवर चालून जे मिळवले ते दुसऱ्याला तीन लेव्हलांत मंत्रांसकट देणे अन्यायाचे झाले असते, आणि तिने ते हसून मान्य केले असते म्हणून तो अन्याय कमी झाला नसता.

दुसरा मार्ग शीट नव्याने लिहिण्याचा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवणे आवश्यक आहे : भाईंना जे हवे होते ते या खेळात एका क्लासमध्ये तयार आहे, आणि त्याचे नाव पॅलडिन. पाचव्या लेव्हलच्या पॅलडिनजवळ दुसरा वार असतो, हाताच्या स्पर्शाने भरता येणारे २५ हिट पॉइंट असतात, पहिल्या लेव्हलचे चार व दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट असतात, आणि मुळात शपथ हाच त्या क्लासचा कणा आहे. करिझ्मा ११ ही अडचण होती, पण गुणांची अदलाबदल करायला माझी हरकत नव्हती. भाईंनी नकार दिला. 'तो पहिल्या दिवसापासून शपथेचा माणूस असता तर त्या रात्री देवळात गेलाच नसता,' असे ते म्हणाले. सिंगल-क्लासचे समर्थक सहसा म्हणतात की प्रत्येक कल्पनेला योग्य तो एक क्लास असतोच. कल्पना पहिल्या दिवशी पूर्ण असेल तर ते बहुधा खरे आहे. खेळता खेळता जन्मलेल्या कल्पनेला ते लागू होत नाही, आणि मला वाटते की मल्टिक्लासची खरी गरज तेथेच आहे. दोन क्लासांच्या सर्वोत्तम गोष्टी वेचून घेण्यासाठी नव्हे.

तिसरा मार्ग मी वेळीच सुचवायला हवा होता. देवळातील शपथेनंतर रुद्राजीने फायटरची चौथी लेव्हल घेऊन गुणवाढीऐवजी मॅजिक इनिशिएट हे फीट घेतले असते, तर क्लेरिकचे दोन कॅन्ट्रिप आणि दिवसातून एकदा पहिल्या लेव्हलचा एक मंत्र त्याला त्याच दिवशी मिळाला असता. पाचव्या लेव्हलला सर्वांबरोबर दुसरा वार मिळाला असता. स्ट्रेंग्थ १६ वरच राहून दर पाळीला ११.४. मग सहाव्या-सातव्या लेव्हलला क्लेरिक. शपथ तीच, देऊळ तेच, फक्त वेष बदलायला मधे प्रवेश मिळाला असता. आता मागे जाऊन ते करण्याचीही मी तयारी दाखवली. भाईंनी तेही घेतले नाही, कारण क्लेरिक म्हणून त्याने ज्या दोन माणसांचे प्राण वाचवले होते ते प्रसंग पुसले गेले असते. मला त्यांचे म्हणणे पटले. पात्राने जगलेले दिवस खोडून शीट दुरुस्त करणे हा उपाय शक्यतो टाळावा, अशा मताचा मी पूर्वीही होतो.

उरला तो मार्ग म्हणजे आहे त्या शीटने खेळणे, पण ती शीट काय करू शकते ते नीट समजून घेऊन.

ब्लेस आणि चार-पैलू फासा

रुद्राजीच्या तयार मंत्रांत ब्लेस पहिल्या दिवसापासून होता. लाइफ डोमेनला तो कायमचा तयार मिळतो. तो तीन जणांवर घालता येतो आणि मंत्र टिकेपर्यंत, जास्तीत जास्त एक मिनिट, त्यांच्या प्रत्येक वाराच्या व सेव्हिंग थ्रोच्या (वाईट परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या) फाशात चार-पैलू फाशाची भर पडते. भाईंनी तो एकदाही वापरला नव्हता. तीनही स्लॉट ते क्युअर वूंड्ससाठी राखून ठेवत, कारण बाकीचे तिघे दर बैठकीला त्यांच्याकडे जखमा घेऊनच येत.

मी त्यांच्यासमोर पुन्हा ट्रोल उभा केला, या वेळी कागदावर. ब्लेसने वीस-पैलू फाशात सरासरी २.५ ची भर पडते, म्हणजे वार लागण्याची शक्यता साधारण १२.५ टक्क्यांनी वाढते. बार्बेरियनचे दोन वार, प्रत्येकी सरासरी १२.५ नुकसानाचे, आणि चोरट्याचा स्नीक अटॅकसह १९ चा वार, यांत मिळून दर फेरीला सुमारे ५.५ ची वाढ. चार फेऱ्यांच्या लढाईत पहिली पाळी मंत्रात गेली तरी पुढच्या तीन पाळ्यांत रुद्राजीच्या स्वतःच्या वारांचे सुमारे २०.७ आणि चारही फेऱ्यांत इतर दोघांच्या वाढीचे २२, असे एकूण जवळजवळ ४३. ब्लेसशिवाय त्याच चार फेऱ्यांत त्याचे एकट्याचे २२.८ होते, सरळ फायटर ५ चे ५४.६ झाले असते. वहिनीचे पात्र बेफाम हल्ला करून दोन फासे टाकते तेव्हा ब्लेसचा लाभ कमी होतो, हे लक्षात घेऊनही अंतर बरेच भरून येत होते, आणि सेव्हिंग थ्रोंचा फायदा यात धरलेलाच नाही. मंत्र टिकवण्याची सोयही त्याच्याजवळ उत्तम होती. सुरुवात फायटर म्हणून झाल्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह अधिक ५ होता, आणि ट्रोलच्या पंज्याच्या सरासरी फटक्यानंतर मंत्र टिकवायला १० हवे असतात. म्हणजे ८० टक्के वेळा टिकतो. सुरुवातीपासून क्लेरिक असलेल्या पात्राला हे सहज मिळत नाही. मल्टिक्लासमध्ये पहिला क्लास कोणता, याला किती महत्त्व आहे, ते येथे दिसते.

पण आकडे पटले म्हणून भाईंचे दुःख मिटले नसते. ब्लेसचा परिणाम दुसऱ्याच्या फाशात मिसळून जातो. वार लागला की शाबासकी वार करणाऱ्याला. यावर उपाय भाच्याने सुचवला. 'मामा, तो फासा भाईंचाच असू दे ना,' तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या टेबलावर अशी पद्धत आहे. भाईंकडे तांबड्या रंगाचे तीन चार-पैलू फासे आहेत. ब्लेस म्हटला की ते उठून ज्यांना मंत्र लागला त्यांच्या तळहातावर एकेक फासा स्वतः ठेवतात आणि देवळात घेतलेल्या नावांपैकी एक नाव उच्चारतात. वार केवळ त्या फाशामुळे लागला, तर वार करणारा ते मोठ्याने सांगतो आणि ते नाव पुन्हा घेतो. पहिल्याच बैठकीत चोरट्याच्या फाशांची बेरीज १३ झाली होती, पाहिजे होते १५, आणि तांबड्या फाशावर ३ पडले. त्याने ते नाव घेतले तेव्हा भाईंचा चेहरा मी पाहिला. रुद्राजीची पाळी संपून बराच वेळ झाला होता, आणि तरीही तो त्या क्षणी रंगमंचावर होता.

दुसरा बदल बाकीच्या तिघांनी केला. त्यांनी औषधी काढे विकत घेऊन जवळ ठेवायला सुरुवात केली, जेणेकरून भाईंचे सगळे स्लॉट त्यांच्या जखमांसाठी गहाण पडणार नाहीत. हे कोणी सांगितले नव्हते, आणि सर्वांत अधिक समाधान मला याचेच वाटते.

पुढील वाटचाल

सहाव्या लेव्हलला, १४,००० अनुभवगुणांवर, रुद्राजीने फायटरची चौथी लेव्हल घेऊन स्ट्रेंग्थ १८ केली. सातवी लेव्हल २३,००० वर आली आणि दुसरा वार मिळाला. पाचव्या लेव्हलपासून तेथपर्यंत अकरा बैठका लागल्या, म्हणजे आमच्या पंधरवड्याच्या हिशेबाने सुमारे पाच महिने. पुस्तकात दोन ओळींचे असलेले हे अंतर खेळाडूच्या आयुष्यात चतुर्थीसकट एक अख्खा पावसाळा एवढे असते. परवानगी देताना लेव्हलांऐवजी बैठकांत मोजून सांगितले तर खेळाडूला त्याचे वजन कळते, आणि आता मी तसेच सांगतो : 'दुसरा वार तुम्हाला पाच-सहा महिन्यांनी मिळेल. चालेल का?'

२०२४ साली सुधारित खेळाडू-पुस्तक आले आणि त्यात सर्व क्लासांचा उपवर्ग तिसऱ्या लेव्हलला नेण्यात आला. म्हणजे त्या नियमांत क्लेरिकची एकच लेव्हल घेऊन डोमेनचे लाभ मिळत नाहीत; त्यासाठी तीन लेव्हला द्याव्या लागतात. आमची चालू कथा जुन्याच नियमांवर संपवायची असे आम्ही ठरवले आहे, पण रुद्राजीसारखे पात्र नव्या नियमांत उभे करायचे असेल तर उंबरठ्याचा हिशेब आणखी काळजीपूर्वक करावा लागेल.

आठव्या लेव्हलच्या आदल्या बैठकीला भाई स्वतःच एक कागद घेऊन आले. डाव्या बाजूला फायटर ६, ज्यात त्या क्लासची आणखी एक गुणवाढ. उजव्या बाजूला क्लेरिक ३, ज्यात दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आणि स्पिरिच्युअल वेपन. प्रत्येक बाजूखाली काय लांबणीवर पडते ते लिहिले होते आणि पुढे किती बैठका तेही. त्यांनी उजवी बाजू निवडली. त्या लेव्हलला बाकीचे तिघे आपापली गुणवाढ घेणार आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तसे आधीच कागदावर लिहिले होते, आणि त्याखाली घाटात मेलेल्या सोबत्यांपैकी ज्याचे नाव अजून एकदाही घेतले गेले नव्हते ते एक नाव.